छत्तीस गुंठ्यांचे कवच

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रे घेऊन खेळायच्या खेळाचा ५.१ हा मोफत नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. मोठ्या जागेचे रक्षण करणारे त्यातील दोन मंत्र आम्ही सध्या दर रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या घरी खेळून पाहत आहोत. नकाशा नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर बेतला आहे. मोगलांना वर्षानुवर्षे दाद न देणाऱ्या या गडाचा किल्लेदार भुताटकी जाणतो म्हणून सोन्याचा नाग घेऊन मांत्रिक चालून गेला, ही आख्यायिका ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना दुसरा किल्ला सुचणार तरी कसा?

पहिला मंत्र ‘गार्ड्स अँड वॉर्ड्स’. तो फक्त २,५०० चौरस फूट, म्हणजे जेमतेम सव्वादोन गुंठे जागा २४ तास राखतो, पण तेवढ्या जागेत तो घुसखोराला रडकुंडीला आणतो. बोळांत धुके दाटते, दारे बंद होतात, जिन्यांवर जाळी पसरतात. आमच्या एका गड्याने ती जाळी मशालीने जाळली आणि मोठ्या ऐटीत वर गेला. दहा मिनिटांत जाळी पुन्हा उगवतात हा नियम त्याने वाचला नव्हता, त्यामुळे परत उतरताना तो त्यातच अडकला. बोलणाऱ्या दाराची सोयही यात आहे. आमचे दार येणाऱ्याला चपला बाहेर काढायला सांगते.

मात्र अख्ख्या गडासाठी ‘फॉरबिडन्स’च लागतो. त्याची व्याप्ती ४०,००० चौरस फूट, उंची ३० फूट. आमच्यातल्या द्राक्ष बागायतदाराने लगेच हिशेब मांडला: साडेछत्तीस गुंठ्यांच्या आसपास, एकराला थोडे कमी. मंत्र लागोपाठ तीस दिवस म्हटला तर तो मोडून काढेपर्यंत टिकतो, पण तिसाव्या दिवशी हजार सुवर्णमुद्रांची माणकाची पूड खर्ची पडते. अकराव्या पातळीच्या क्लेरिकला, म्हणजे पुजारी पात्राला, सहाव्या पातळीचा मंत्र एरवी दिवसातून एकदाच म्हणता येतो, पण हा मंत्र दहा मिनिटे जास्त घेऊन विधी म्हणून म्हटला तर ती मर्यादा लागत नाही. मात्र एका तुकड्यावर दुसरा चढवता येत नाही. आमच्या नकाशावरचा दहा एकरांचा माथा झाकायचा तर अकरा तुकडे, रोजच्या अकरा विधींचे किमान तीस दिवस आणि अकरा हजार मुद्रा. ही चिकाटीची किंमत मला नियमांतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळे वेढ्याला वेळेचे भान येते.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. हे कवच बाहेरून जादूने आत प्रकट होणाऱ्या कोणालाही रोखते आणि पिशाच्चे, मृतात्मे यांसारख्यांना भाजून काढते. तलवार घेऊन चालत येणाऱ्या साध्या माणसाला मात्र त्याची झळही लागत नाही. मोगल तर सगळे माणसेच! शिवाय उतारावर ३० फूट कोठून मोजायचे, यावर आमचा अर्धा रविवार वाया गेला.

वाडा राखायचा असेल तर पहिला मंत्र डोळे झाकून घ्यावा. गडासाठी दुसरा घ्या, पण तटावरचे पहारेकरी कमी करू नका. आमचे चार तुकडे पूर्ण झाले आहेत आणि दरवाजावर अजूनही दोन भालाईत उभे आहेत.