बीटलचा गिअर बुश आणि कपलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दुसरा गिअर टाकायला जावं तर दांडा पातळ खिचडीत पळी फिरवल्यासारखा फिरतो, आणि ठरावीक वेगाला टनेलमधून, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या पोकळ उंचवट्यातून, टरटर आवाज येतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलची ही तक्रार घेऊन गेलं की बरेच मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. त्या खर्चाला हो म्हणण्याआधी हे वाचा. माझ्या १९६७ च्या गाडीत दोष गिअरबॉक्समध्ये नव्हताच. नवा बुश (गिअरच्या रॉडला पुढच्या टोकाशी धरणारी प्लास्टिकची छोटी नळी), नवा कपलर (त्या रॉडला मागे गिअरबॉक्सशी जोडणारा तुकडा) आणि दांड्याखालची नवी स्प्रिंग एवढ्यावर काम झालं. त्यानंतर गाडी आठ महिने, साडेतीन हजार किलोमीटर चालली आहे.

पद्मिनीसारखे गिअर स्टिअरिंगवर असते तर बॉनेट उघडून सगळे रॉड डोळ्यांनी दिसले असते. बीटलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, दांडा पुढे, आणि मधला लांब रॉड चॅसिसच्या टनेलमधून जातो. म्हणून आधी झीज नेमकी कुठे आहे ते शोधा. मागच्या सीटची बैठक काढा, टनेलवरचं छोटं झाकण उघडा, आणि दुसऱ्या माणसाला इंजिन बंद ठेवून दांडा हलवायला सांगा. रॉड हलतो पण गिअरबॉक्समधून आलेला शाफ्ट उशिरा हलतो, तर कपलर गेला. रॉडचं पुढचं टोक वरखाली नाचतं, तर बुश गेला. दोन्ही ठीक आहेत आणि शाफ्ट स्वतःच त्याच्या भोकात डुगडुगतोय, तर नोज कोनचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकातला, बुश झिजला आहे. फक्त या शेवटच्या कामाला गिअरबॉक्स काढावा लागतो.

बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. तिची वायर काढल्याशिवाय तिथे पाना नेऊ नका.

दांडा १३ नंबरच्या पान्याने खुलणाऱ्या दोन बोल्टवर बसलेला असतो. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्या बैठकीभोवती टोकदार खिळ्याने रेघ मारा आणि खालची स्टॉप प्लेट कुठल्या बाजूने बसली आहे त्याचा फोटो काढा. ती उलटी बसली की रिव्हर्सचा अडसर चुकीच्या जागी येतो. मग दांडा काढून घ्या, मागे कपलरच्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूची तार कापा, स्क्रू काढा, कपलर सोडवा आणि पक्कडीने रॉड मागे सरकवा. पुढचं टोक बुशमधून बाहेर आलं की दांड्याच्या भोकातून बुशचा ब्रॅकेट हाताला लागतो. जुन्या बुशचे तुकडे आकड्याने काढा. पेट्रोलची नळी आणि क्लच, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल याच टनेलमधून जातात, त्यामुळे आत स्क्रूड्रायव्हरने उगाच ढोसू नका.

आता बुशवरच्या तारेच्या कडीबद्दल. बुशवर एक बारीक स्टीलची कडी बसते. ती बुशला ब्रॅकेटमध्ये घट्ट धरते. माझ्या पहिल्या किटमध्ये ती नव्हती. बुश हाताने घट्ट बसला, म्हणून तसाच ठेवला. दहा आठवड्यांत टरटर परत आली. उघडून पाहिलं तर बुशला ओरखडाही नव्हता, तो ब्रॅकेटमध्येच गोल फिरत होता. सगळं काम पुन्हा करावं लागलं. किट हातात आल्यावर आधी कडी शोधा. नसेल तर किट परत करा. कडी आहे पण बोटाने दाबली की वाकडीच राहते, असं किटही परत करा. परदेशातून मागवत असाल तर पार्टपेक्षा पाठवणीचाच खर्च जास्त येतो, म्हणून एकाच वेळी दोन बुश घ्या. कपलरही मॉडेलच्या वर्षाप्रमाणे वेगळा असतो, तेव्हा चॅसिस नंबर कळवूनच ऑर्डर द्या.

नवा बुश बसवताना आतून भरपूर ग्रीस लावा आणि रॉड सरळ रेषेत पुढे आणा. तिरका ढकलला की बुश निसटून टनेलमध्ये पडतो. कडी चुंबकाने निघते, प्लास्टिकचा बुश निघत नाही. म्हणून बसेपर्यंत त्याला दोरा बांधून ठेवा.

कपलरबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला कडक युरेथेन प्लास्टिकचा घातला होता. पहिले काही आठवडे गिअर इतके टकटकीत पडायचे की मी तो सगळ्यांना सुचवत होतो. पण लांबच्या प्रवासात गिअरबॉक्सची सगळी गुणगुण त्यातून दांड्यात येते आणि तासाभराने तळहाताला मुंग्या येतात. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा रबराचा घातला. गिअर किंचित मऊ पडतात, पण हात शांत राहतो. रोज चालवायच्या गाडीला रबरच घ्या.

कुठलाही कपलर असो, चौकोनी स्क्रूचं टोक शाफ्टवरच्या खळग्यातच बसलं पाहिजे. शाफ्ट बोटाने थोडा फिरवत स्क्रू आत घ्या. टोक खळग्यात शिरतं ते पान्याला जाणवतं. खळगा चुकला तरी स्क्रू आवळला जातोच, गिअरही पडतात, आणि काही दिवसांनी तो घसरून गाडी भर रस्त्यात एकाच गिअरमध्ये अडकते. आवळल्यावर नवी तार बांधायचीच.

शेवटी दांडा जुन्या रेघेवर बसवा, चारही गिअर टाकून पाहा, आणि दांडा खाली न दाबता रिव्हर्स पडत नाही याची खात्री करा. दुसरा अर्धवट पडत असेल तर दुसऱ्यात ठेवूनच बोल्ट सैल करा, बैठक पुढेमागे सरकवा आणि पुन्हा तपासा. दोन-तीन मिलिमीटरनेही फरक पडतो. सीट ठेवण्याआधी बॅटरीवर झाकण हवंच. सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून बीटलमध्ये आग लागते.

आज टरटर पूर्ण थांबली आहे, दुसरा एका झटक्यात पडतो. चौथ्यात थोडी डुगडुग उरली आहे. ती नोज कोनच्या बुशची आहे, आणि तिथल्या सीलमधून तेल झिरपून नव्या रबरावर यायला लागलं आहे. क्लच प्लेटसाठी इंजिन खाली उतरेल तेव्हा गिअरबॉक्सही काढून बुश आणि सील एकदमच बदलणार. तोवर महिन्यातून एकदा ते झाकण उघडून रबर कोरड्या फडक्याने पुसतो.