दोन दिवसांत दाखला देतो म्हणाला आणि 4,750 रुपये घेऊन गेला

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रं जमवताना तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एका एजंटाने मला फसवलं. सांगायची लाज वाटते, पण प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून लिहितोय.

उत्पन्नाचा दाखला 1,500, नॉन-क्रिमीलेयर 2,500, स्टॅम्प पेपर 500, नोटरी 250. सगळे रोख. उत्पन्नाच्या दाखल्याची सरकारी पावती 69 रुपयांची असते, हे मला नंतर कळलं. आणि या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. कोणी स्टॅम्प मागितला की तिथूनच उठा.

मी अडाणी नाही. पण एमआयडीसीत एका दिवसाचा खाडा म्हणजे 640 रुपये, आणि सेतूवर, म्हणजे दाखल्यांच्या सरकारी केंद्रावर, दोन खाडे करून गेलो तर दोन्ही दिवस सर्व्हर डाऊन. कॉलेजने आठवड्याची मुदत दिलेली. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. एका कागदापायी ती हातची जाते की काय, या धास्तीत मी होतो. त्याने ते बरोबर ओळखलं. "काका, तुम्ही कशाला रांगेत उभे राहताय? आत आपली माणसं आहेत. परवा दाखला हातात."

परवा खरंच दिला. रंगीत, लॅमिनेशन केलेला, खाली बारकोड. घरी मुलीने हातात घेतला आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं नाव बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड दिसतंय." मी म्हणालो, प्रिंटर तसा असेल. हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. पोरीने बोट ठेवून दाखवलं होतं! तोपर्यंत माझ्या मोबाईलवर अर्ज भरल्याचा एकही मेसेज नव्हता. अर्ज क्रमांक मागितला तर "दाखला मिळाला ना, मग नंबर कशाला?" तलाठ्याकडे तर मी गेलोच नव्हतो, मग माझ्या उत्पन्नाचा अहवाल दिला कोणी? त्याच संध्याकाळी परत गेलो असतो तर तो तिथेच बसलेला सापडला असता.

चौथ्या दिवशी महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, बारकोड टाकला, तर भलत्याच माणसाचं नाव आलं. दुसऱ्याच्या दाखल्यावर माझं नाव चिकटवलं होतं. लॅमिनेशन केलेल्या कागदावर जाऊ नका, आधी बारकोड टाकून बघा, पैसे मग.

कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, तो बाहेर बसतो, आमचा संबंध नाही. अहो, तुमच्या फाटकापासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसतो, तुमच्या शिपायाच्या हातचा चहा पितो! साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. पोलिसांत गेलो तर, "बनावट दाखला तुमच्याकडे आहे, म्हणजे आधी तुमचीच चौकशी होईल." फसलेल्या माणसालाच दम. लेखी अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला नकार. तुम्ही तक्रार दिलीत तर अर्जाची दुसरी प्रत नेऊन शिक्का मागाच. पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. मी रोख दिले, माझ्याकडे पुरावाच नाही.

लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाचा दाखला 15 दिवसांत मिळायला हवा, नाही मिळाला तर अपील करता येतं. त्याचा फलक त्याच कचेरीच्या भिंतीवर आहे, कपाटामागे अर्धा झाकलेला. अर्ज आपल्याच मोबाईल नंबरवरून भरा, दुसऱ्याचा नंबर टाकू देऊ नका.

आता मी स्वतः ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला आहे. मेसेज आला, तलाठ्यालाही भेटून आलो. पण कॉलेजची मुदत संपली. दाखला येईपर्यंत फीचा पहिला हप्ता भरा म्हणतात, 28,000 रुपये. सोमवारी पतसंस्थेत कर्जाचा फॉर्म द्यायचा आहे, त्यालाही उत्पन्नाचा दाखला लागतो म्हणे.