गंगापूर रोडवरचा श्वासाचा वर्ग: जाहिरात सोडा, सिस्टरचं ऐका

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. लिफ्ट आहे, पार्किंग नाही. फी महिन्याला १,२०० रुपये. शिकवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. महिन्याची २० तारीख आली, जीएसटीचं पोर्टल अडकलं की छाती धडधडते. बीपीची गोळीही चालू आहे. म्हणून नाव घातलं.

उदबत्ती नाही, प्रवचन नाही, हे पहिल्यांदा आवडलं. सिस्टर छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधतात, आलेख टीव्हीवर दिसतो. मग सगळ्यांसमोर १०२२ मधून १३ वजा करत जायचं, मोठ्यानं. चुकलात की परत १०२२. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात बेतलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ताणाच्या चाचणीत हीच वजाबाकी असते. आयुष्य आकड्यांत गेलेल्या माझेही ठोके ७८ वरून १०४ वर!

त्यानंतर श्वास. पाच सेकंद आत, पाच बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी मोठ्या माणसाचे १२ ते २० होतात. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात, हे सगळ्यांचंच होतं. पण या गतीला आलेखातल्या बारीक दातऱ्यांच्या मोठ्या लाटा झाल्या. सिस्टरनी कारण सांगितलं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांना रक्तदाब कळतो, तो वाढला की त्या मेंदूमार्फत हृदयाला हळू करतात. या यंत्रणेची स्वतःची लय साधारण दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही हिंदोळे एकमेकांत मिळतात.

इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा अभ्यासही त्यांनी सांगितला: लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणा की ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. नाशिकरोडहून येणाऱ्या, बाळ येशूच्या चर्चला नेमानं जाणाऱ्या एक मावशी ताडकन म्हणाल्या, “म्हणजे फी उगाच भरली की!”

आता जाहिरातीबद्दल. ‘ताण हृदयापर्यंत पोचणारच नाही’ असं पत्रकावर छापलंय, ते साफ खोटं. महिनाअखेरीस परत वजाबाकी केली, ठोके परत शंभरीपार. मोठ्यानं आकडे म्हणताना श्वास तुटतोच, तो सावकाश कसा राहणार? आणि समोर माणसं बसली असताना हृदयानं धावणं हे त्याचं कामच आहे. फरक पडला तो नंतर. वजाबाकी संपल्यावर लगेच सहाच्या गतीला बसले, तर आलेख नुसतं बसण्यापेक्षा लवकर खाली आला. हा एका बाईचा एका पट्ट्यावरचा अनुभव, एवढंच त्याचं वजन. पण ऑफिसात मला कामाचं तेच आहे: पोर्टल अडकलेलं असताना नाही, साहेबांचा फोन ठेवल्यावर.

तक्रारी आहेत. पट्टा एकच, बॅच मोठी, त्यामुळे अर्धा तास नुसतं दुसऱ्यांचे ठोके बघायचे. ‘सावकाश घ्या, ठासून भरू नका’ ही सूचना पहिल्याच दिवशी हवी होती. शेजारच्या काकांनी जोर लावून मोठमोठे श्वास घेतले, त्यांना चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला की असं होतं. मात्र गोळी कुणी बंद करायची नाही हे सिस्टर दर वेळी बजावतात, त्यासाठी माझ्याकडून एक तारा जादा.

एक महिना करावा, दुसऱ्याची गरज नाही. पट्टा विकत घ्यायचा आग्रह होतो, नाही म्हटलं तर चालतं; घड्याळाचा सेकंदकाटा पुरतो. शनिवारची बॅच टाळा, खालच्या हॉलमध्ये लग्न असलं की बँड वाजतो.