घरचा कुत्रा ईएसए म्हणूनच ठेवावा की पीएसडी करावा?

अमेरिकेत राहणाऱ्या, घरात इमोशनल सपोर्ट डॉग (ईएसए, म्हणजे नुसत्या सोबतीने धीर देणारा कुत्रा) असलेल्या आणि त्याला शिकवून सायकियाट्रिक सर्व्हिस डॉग (पीएसडी, म्हणजे मानसिक त्रासात ठरावीक काम करायला शिकलेला कुत्रा) करावं का या विचारात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. मी शिकवलं, तेव्हा त्या बाजूला थोडं झुकतं माप जाणारच.

घरापुरतं बघाल तर फारसा फरक नाही. थेरपिस्टचं पत्र असलं की फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली (घर देताना भेदभाव रोखणारा कायदा), पाळीव प्राण्यांना बंदी असलेल्या इमारतीतही ईएसएसाठी सवलत मागता येते. शिकवण्याची अट नाही. ज्यांचा त्रास संध्याकाळी रिकाम्या घरात वाढतो, त्यांनी उगाच खटाटोप करू नये, असं मला वाटतं.

माझी गोची वेगळी होती. मला घरात पॅनिक अ‍ॅटॅक जवळजवळ येतच नाही. येतो तो ग्रोसरीच्या रांगेत, पुढेमागे ट्रॉल्या अडकून निघायला वाट उरली नाही की. आणि नेमकी तिथेच ईएसएला मनाई. उन्हाळ्यात गाडीत ठेवायची सोय नाही, म्हणून कुत्रा घरी सोफ्यावर आणि मी भरलेली ट्रॉली टाकून पार्किंगमध्ये. विमानातही तेच. 11 जानेवारी 2021 पासून ईएसए घेण्याचं बंधन विमान कंपन्यांवर राहिलेलं नाही, आणि लॅब्रॅडॉर काही सीटखालच्या पिशवीत मावत नाही. बाकी सगळं चालवून घेतलं असतं, हे जमेना.

पीएसडीला एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने दुकानात, हॉटेलात प्रवेश आहे. दारावरचा माणूस दोनच गोष्टी विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो काय काम शिकलाय. नोंदणी, जॅकेट काही लागत नाही. ऑनलाइन विकतात ती सर्टिफिकेटं म्हणजे पैसे पाण्यात. मालकाने स्वतः शिकवलेलं चालतं. मात्र नुसतं जवळ बसून धीर देणं हे काम धरत नाहीत. माझा पाय थरथरायला लागला की आमचा लॅब नाकाने ढोसतो आणि खूण केली की मांड्यांवर अंग टाकतो. ढोसायचा तो आधीपासूनच. तेवढं पक्कं करून घेतलं. घरच्या कुत्र्याचा हाच फायदा.

कष्ट पडले ते भलतीकडेच. आल्यागेल्याकडून लाड करून घ्यायची सवय लागलेल्या कुत्र्याला अनोळखी हातांकडे, खाली सांडलेल्या चिप्सकडे ढुंकूनही न बघायला शिकवणं सोपं नाही. शिकाऊ कुत्र्याला एडीए लागू नाही, राज्याराज्यांत नियम वेगळे. आम्ही कुत्री चालणाऱ्या दुकानांतच सराव केला. तुमचा कुत्रा बुजरा किंवा अंगावर जाणारा असेल तर हा नाद सोडा. संस्थेकडून तयार कुत्रा घेता येतो, पण थांबायची तयारी हवी आणि बहुतेक ठिकाणी खिसाही मोठा हवा.

पीएसडीला विमानात नेण्यासाठी वाहतूक खात्याचा फॉर्म असतो, कंपनी तो 48 तास आधी मागू शकते. 8 तास किंवा त्याहून लांबच्या उड्डाणाला शी-शूच्या हमीचा आणखी एक. भारतात एडीए चालत नाही, त्यामुळे पुण्याला जाताना मी त्याला इथेच मित्राकडे ठेवतो.