ऑस्प्रे टेम्पेस्ट की सिरस? ट्रेकसाठी कुठली सॅक घ्यावी

एका दिवसाच्या ट्रेकसाठी हलकी सॅक शोधताय ना, तर ऑस्प्रे कंपनीच्या ह्या दोन बघाच. दोन्ही बायकांच्या मापाने बनवलेल्या आहेत, त्यामुळे खांद्याचे पट्टे छातीवर काचत नाहीत. फरक आहे तो सगळा सॅकच्या पाठीत. सिरसला ताणलेली जाळी असते, सॅक पाठीला टेकतच नाही, हवा खेळती राहते, मे महिन्यात कळसूबाई चढताना हे फार बरं वाटतं आणि रेनकव्हर पण सोबतच येतं. पण त्या जाळीपायी आतली जागा बाकदार होते, जेवणाचा डबा काही केल्या सरळ बसत नाही, आणि वजन पाठीपासून लांब गेलं की हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या कातळावर कुणीतरी मागे खेचतंय असं वाटत राहतं. टेम्पेस्टला फोमची पाठ, अंगाला चिकटून बसते, वजनाला हलकी, घाम मात्र येणारच, कव्हर वेगळं घ्या. मी तर टेम्पेस्टच म्हणेन, घाम काय वाळतो हो! दुकानात रिकामी सॅक लावून आरशात बघण्यात अर्थ नाही, चार-पाच किलो भरा, आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळा मग खांद्याचे, तरी भार खांद्यावरच राहिला तर साईझ बदलून मागा.