कोथरूडच्या या बेली डान्स स्टुडिओत एक वर्ष झालं, म्हणून सविस्तर लिहितीये

5 पैकी 4 स्टार देतीये, आणि एक का कापला तेही खाली सांगते.

मागच्या जानेवारीत ट्रायल क्लासला आले तेव्हा इथले रिव्ह्यू वाचूनच आले होते, पण सगळीकडे 'सुपर्ब', 'मस्त एनर्जी' एवढंच लिहिलेलं, त्यातून काही कळत नव्हतं. तेव्हाच ठरवलं होतं की टिकले तर नीट लिहीन. परवा शनिवारी वर्षातला शेवटचा क्लास झाला, अर्धा तास नाचलो आणि मग सगळ्या जणी मांडी घालून गोल करून बसलो आणि वर्षभराचं बोलत राहिलो, चांगले दोन तास, शेवटी वॉचमनकाका दिवे बंद करायचेत म्हणून वर आले. ते सगळं अजून डोक्यात आहे तोवर लिहून टाकते.

आधी कामाचं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघेदुखी असेल तर जिन्याचा विचार करून या. फी महिन्याला 2800, आठ क्लास, प्रत्येक क्लास सव्वा तासाचा. फक्त बायकांची बॅच. कपडे काहीही चालतात, माझ्यासारख्या बऱ्याच जणी लेगिंग्ज आणि जुन्या टीशर्टवरच करतात, वर नाण्यांचा हिप स्कार्फ बांधायचा, तो पहिला महिना स्टुडिओचाच मिळतो. पोट उघडं टाकावंच लागेल का हा प्रश्न मला फोनवर विचारायची लाज वाटली होती म्हणून इथे स्पष्ट लिहिते, अजिबात लागत नाही, वर्षभरात मला कोणी एकदाही म्हटलं नाही.

मॅम इजिप्शियन स्टाइल शिकवतात. अरबीत याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच, आणि बेली डान्स हे नाव युरोपातल्या लोकांनी चिकटवलेलं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते आवडलं कारण मी यूट्यूब बघून आले होते आणि मला वाटत होतं सगळं पोटातच असतं. तसं नाहीये. पहिले तीन आठवडे आम्ही फक्त उभं राहायला शिकलो. गुडघे सैल, टेलबोन खाली, छाती वर पण कमरेत बाक नाही. माझं मणक्याचं दुखणं जुनं आहे, डॉक्टरांना विचारूनच जॉइन केलं होतं, आणि मॅमनी ते लक्षात ठेवलं. पोटाची लाट घेताना बाकी सगळ्या मोठी घ्यायच्या आणि मला दर वेळी आठवण, 'तू छोटी घे, पाठीला विचारून घे'. सोळा जणींच्या गर्दीत वर्षभर एकीची पाठ लक्षात ठेवणं सोपं नाही.

गर्दीवरून आठवलं, एक स्टार इथेच गेला. ती खोली दहा जणींची आहे. शनिवारच्या बॅचला सोळा घेतात, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की आरसा धुरकटतो, मागच्या रांगेला स्वतःचे पाय दिसत नाहीत. आम्ही दोनदा सांगितलं, अजून काही झालं नाहीये. आणि जुलैत मॅम आजारी होत्या तेव्हा चार क्लास दुसऱ्या कोणीतरी घेतले, तो सरळसरळ फिटनेस डान्स होता, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते झाले पण आम्ही मागितल्यावर.

आता शिमीबद्दल, म्हणजे कंबर भरभर थरथरत ठेवायची ती हालचाल. पहिले चार महिने मला शिमी येतच नव्हती. मॅम सांगायच्या गुडघे आळीपाळीनं मागेपुढे, कंबर आपोआप हलेल, मांड्या आवळू नको, आणि मी नेमकी कंबरच हलवायला जायचे, दोन मिनिटांत मांड्या भरून यायच्या. आमच्यात एक काकू आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, वय 62. मे महिन्यात एकदा मी रडकुंडीला आले होते आणि काकू बाजूला येऊन म्हणाल्या, 'अगं, पिठाची चाळण कशी धरतेस? गच्च धरलीस तर पीठ सगळं अंगावर उडतं. सैल धर, ती आपली आपण हलते.' आणि खरंच सांगते, त्याच मिनिटाला आली. गुडघे चालू आणि वरचं सगळं सोडून दिलेलं, नाणी एकदम एकसारखी वाजायला लागली, आधी कशी तुटक तुटक खणखणायची, आता पाऊस लागल्यासारखी. मॅम थांबल्या, म्हणाल्या काकू परत एकदा सांगा सगळ्यांना. आता नवीन बॅचला मॅम हेच सांगतात आणि आमच्यात शिमी ड्रिलला नावच चाळणी पडलंय, 'चला पाच मिनिटं चाळणी घेऊ'.

ताल आधी तोंडानं बोलून शिकवतात, म्हणून आपल्या लोकांना लवकर जमतं असं मला वाटतं. मकसूम म्हणजे दुम तक, तक दुम, तक. बलदी म्हणजे दुम दुम, तक दुम, तक. सैदीत दुम तक, दुम दुम, तक. अंतर बघा किती थोडं आहे, एखादा दुम इकडचा तिकडे, पण अंगात उतरल्यावर चालच बदलते, बलदीला पाय जमिनीत रुततात आणि सैदीला उसळतात. बलदीचा अर्थच आपल्या मातीतलं, गावाकडचं. आमच्यात एक जण लहानपणी तबला शिकलेली आहे, तिचा सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा कारण इजिप्तमध्ये मांडीवर आडवा धरून वाजवतात त्या दर्बुक्यालाच तबला म्हणतात, मॅम म्हणायच्या तबला ऐक आणि ही बिचारी आपला तबला शोधत बसायची. पण सम तिलाच आधी सापडायची. ऑक्टोबरपासून हाताच्या झांजा सुरू झाल्या, त्याला झिल किंवा सगात म्हणतात, अंगठ्यात एक आणि मधल्या बोटात एक, दोन्ही हात मिळून चार. इलॅस्टिक सैल असेल तर घसरतात, घट्ट असेल तर बोटाचं टोक निळं पडतं, ते नीट बसवण्यातच एक अख्खा क्लास गेला. आणि खालच्या मजल्यावर दवाखाना आहे, तिथून तक्रार आली, रास्तच होती, सोळा जणी एकदम पितळ वाजवत होतो. तर आमच्यातल्या एकीचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं, ती पुढच्या वेळी लहान झालेल्या बाळमोज्यांची पिशवी घेऊन आली आणि आम्ही झिलवर मोजे चढवून प्रॅक्टिस केली. मॅम म्हणाल्या जगभर लोक हेच करतात. मऊ थप थप असा आवाज येतो, मला तोच जास्त आवडायला लागलाय.

हे सगळं घरी सांगणं मात्र प्रत्येकीला सोपं गेलं नाही. माझं माहेर नारायणगावच्या जवळ आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, आणि आम्हा मुलींना तिकडच्या रस्त्यानं जायची सुद्धा बंदी होती. माझ्या आईला लावणी जीव की प्राण, रेडिओवर लागली की हातातलं काम थांबायचं, पण मला शिकायचीये म्हटल्यावर जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मॅमनी एकदा गवाझींचं सांगितलं, इजिप्तमध्ये लग्नात, जत्रेत नाचणाऱ्या बायका, 1834 साली मोहम्मद अलीच्या राजवटीत त्यांना कैरोतून हाकलून दक्षिणेकडे, एस्ना, केना, अस्वानला पाठवलं. नाच सगळ्यांना हवा आणि बाई नको. मला त्या दिवशी राहुट्यांच्या मागे वाळत घातलेल्या नऊवाऱ्या आठवल्या, रस्ता चुकवून एकदा लांबून बघितल्या होत्या, बाकी काहीच बघायला मिळालं नव्हतं. पुढे बदिया मसाबनीनं 1926 मध्ये कैरोत स्वतःचा क्लब काढला, मालकीण स्वतः नाचणारी बाई, आणि सामिया गमाल आणि तहिया कारियोका दोघी तिथूनच पुढे आल्या. दोघींचे जुने व्हिडिओ मॅम दाखवतात. सामिया गमाल हात असे सोडते की जणू त्यांना वजनच नाही, आणि तहिया एका जागेवर उभी राहून, जवळजवळ काही न करता तुम्हाला बांधून ठेवते. आमच्या बॅचमध्ये यावरून दोन पार्ट्या आहेत, मी तहियावाली.

आणि आता ऑगस्टमधलं, ज्याच्यामुळे खरं तर हा रिव्ह्यू लिहायचा होता. स्टुडिओनं क्लासचं एक रील टाकलं, वीसेक सेकंदांचं, कोणालाही न विचारता. त्यात तिसऱ्या रांगेत आमच्यातली एक जण स्पष्ट दिसत होती. तिच्या सासरी ती योगाला जाते असं माहीत होतं. रील कोणीतरी सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. ती तीन आठवडे आली नाही, फोन उचलत नव्हती, एकदा मेसेज आला 'माझा स्कार्फ कोणाला तरी देऊन टाका'. आम्ही नऊ जणी क्लासच्या आधी जिन्यात बसलो आणि ठरवलं की आज नाचायचं नाही, आधी बोलायचं. वर गेलो, कोणीच स्कार्फ बांधले नाहीत. मॅम पहिल्यांदा म्हणाल्या की अ‍ॅडमिशन फॉर्मवर फोटो-व्हिडिओला परवानगी आहे, सगळ्यांनी सही केलीये. ते खरं होतं, बारीक अक्षरात होतं. काकू म्हणाल्या, 'मॅडम, मी बँकेत आयुष्यभर लोकांकडून अशा सह्या घेतल्या. सही असते हो, पण त्या माणसाला माहीत नसतं.' मॅम काहीच बोलल्या नाहीत. क्लास झालाच नाही त्या दिवशी.

पुढच्या क्लासला रील काढलेलं होतं. मॅमनी नवीन फॉर्म छापून आणले होते, व्हिडिओची ओळ वेगळी, मोठ्या अक्षरात, प्रत्येक वेळी वेगळं विचारणार असं लिहिलेलं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली, चूक माझी आहे असे सरळ शब्द, पण-बिण काही नाही. त्या आमच्या मैत्रिणीशी स्वतः फोनवर बोलल्या, ती तयार झाली तेव्हा घरी जाऊन आल्या. घरी काय बोलणं झालं ते तिचं तिला माहीत, आम्ही विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर ती परत आली, दारात चप्पल काढत होती आणि कोणीतरी तिचा स्कार्फ आणून तिच्या हातात दिला, तो आम्ही कोणालाच दिला नव्हता. तेव्हापासून दाराशी वेताची टोपली आहे, आत येताना फोन त्यात टाकायचे, मॅमचा सुद्धा. मी पुण्यात आधी दोन ठिकाणी डान्स शिकलेय, शिकवणाऱ्यानं विद्यार्थिनींची अशी माफी मागितलेली मी कधी बघितली नाही. हे मी चार स्टारमध्ये धरलंय, आणि चूक झाली तीही धरलीये.

डिसेंबरमध्ये हफला झाला, अरबीत हफला म्हणजे समारंभ, बेली डान्सवाले घरगुती कार्यक्रमाला हाच शब्द वापरतात. छोटा हॉल, फक्त आम्ही बोलावलेली माणसं. आमच्या बॅचनं सैदी केलं, काठी घेऊन. ते मुळात पुरुषांच्या तहतीबवरून आलंय, ती काठीची झुंज आहे आणि 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली, बायकांनी तीच काठी बोटांवर फिरवून, डोक्यावर तोलून त्याचा नाच केला. कॉस्च्युमचे 1500 आयत्या वेळी सांगितले, ते आधी सांगायला हवे होते, सगळ्यांना महिन्याच्या शेवटी जमत नाही. काकूंनी सोलो केला, झिल वाजवत, तीन मिनिटं. नातू पहिल्या रांगेत बसून हातानं दुम तक मोजत होता, चुकत होता, काकू त्याच्याकडे बघून हळूच बरोबर करत होत्या. माझी आई आली होती. काठीचा नाच झाल्यावर मला म्हणाली, 'तुझी डावी टाच लवकर उचलते.' बरोबर होतं ते. आईला ठेका इतका कळतो हे मला 44 वर्षांत माहीत नव्हतं.

शनिवारी गोल बसलो तेव्हा मॅमनी फक्त एवढंच विचारलं की या वर्षात इथे काय झालं ते एकेकीनं सांगा, छान-छान बोलायची गरज नाही. एक नर्स आहे आमच्यात, ती म्हणाली नाइट ड्यूटी करून यायचे आणि शेवटच्या स्ट्रेचिंगला झोपून जायचे, तुम्ही मला उठवायचा नाहीत. बाळवाली म्हणाली की ऑपरेशननंतर पोटाकडे बघायचंच सोडलं होतं, आता बघते. एकीनं सांगितलं की ती जानेवारीपासून येणार नाही, बदली झालीये नागपूरला, आणि ती रडली आणि आम्हीही. काकू म्हणाल्या मला आरशाचं सांगायचंय, पुढच्या पावसाळ्याआधी एक्झॉस्ट फॅन बसवा. मॅमनी वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या रांगेतली ती आमची मैत्रीण सगळ्यात शेवटी बोलली. बोलली पण नाही खरं तर, उठून टोपलीतून स्वतःचा फोन आणला आणि काकूंच्या हातात देऊन म्हणाली, 'माझा एक व्हिडिओ काढाल? फक्त माझ्यापुरता.' मॅमनी गाणं लावलं, आम्ही सगळ्या भिंतीला टेकलो, फ्रेममध्ये कोणी येणार नाही असं बघून, आणि टाळ्यांवर मकसूम धरला. काकूंचा हात जरा हलत होता. व्हिडिओ चार मिनिटांचा झालाय, तो तिच्याकडेच आहे.

जानेवारीची नवीन बॅच पहिल्या आठवड्यात सुरू होतीये. ट्रायलचे 300 घेतात, जॉइन केलं तर फीमध्ये धरतात. शक्यतो बुधवारी या, शनिवारी उभं राहायला जागा मिळत नाही. पाण्याची बाटली आणा, वर कूलर नाहीये. पार्किंग समोरच्या गल्लीत, बिल्डिंगखाली गाडी लावू नका, दवाखान्याचे पेशंट येतात.