क्लच गेलाच नव्हता! उद्यमनगरातल्या बिनपाटीच्या गॅरेजचा अनुभव

आधीच सांगते, या गॅरेजला पाटी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या दोन दुकानांमध्ये एक पत्र्याची शेड आहे आणि दारात कायम एखादी गाडी ठोकळ्यांवर चढवलेली असते. मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात.

माझी गाडी 2014ची पेट्रोल वॅगनआर. गगनबावडा रस्त्यावरच्या कळे गावात शाळेत शिकवते, त्यामुळे फुलेवाडीतून रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरात गाडीत जळका वास यायला लागला. आता उसाच्या हंगामात गगनबावडा रस्त्याला वास कुठला नसतो? कुडित्र्याला कारखान्याची मळी, पुढं कुणी पाचट पेटवलेलं, नाहीतर एखादं गुऱ्हाळ. आठवडाभर मी काचा वर करून शेतकऱ्यांनाच मनातल्या मनात बोलत राहिले. एका संध्याकाळी घराखाली गाडी लावली तर वास तिथंही हजर. मग कळलं, ऊस बिचारा निर्दोष आहे.

पहिल्यांदा एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले. नाव घेत नाही. काउंटरवरच्या पोरानं बॉनेटही न उघडता निदान केलं, "मॅडम, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं हाफ क्लचवर चालवत असणार तुम्ही. क्लच प्लेट जळली." अंदाजपत्रक 11,400 रुपये. सोळा वर्षं गाडी चालवतेय मी. हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी रेटणं, ते मला माहीत आहे, पण काचेच्या केबिनमध्ये बसलं की आपलाच आपल्यावर भरवसा राहत नाही. "विचार करून सांगते" म्हणून निघाले.

शाळेतल्या शिपाईमामांनी उद्यमनगरचा पत्ता दिला. मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्नच विचारले. वास चढाला येतोय का सपाटीला? गाडी चालताना का थांबल्यावर? तेल करपल्यागत का कागद जळल्यागत? मी म्हटलं, सपाटीलाही येतो, थांबल्यावर जास्त, आणि नाकात झोंबतो. "एवरेज पडलंय?" पडलं होतं, 18 वरून 15 वर. "गाडी एका अंगाला वडतीय?" डावीकडं. त्यासाठी तर दोन महिन्यांपूर्वी चाकांची अलाइनमेंट करून पैसे घालवले होते!

मग हँडब्रेक ओढून त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. गाडी धाडकन बंद. "क्लच घसरत असता तर इंजिन असंच चालू राहिलं असतं. ह्यो क्लच न्हाई." अर्ध्या मिनिटात 11,400 रुपयांचा निकाल लागला.

राजारामपुरीतून एक चक्कर मारून आलो. मिस्त्रींनी उलटा तळहात एकेका चाकाजवळ धरला, न टेकवता. पुढच्या डाव्या चाकाशी हात झटकन मागं आला. वासही तिथलाच. मी घाईघाईनं बाटलीतलं पाणी ओतायला गेले तर ओरडलेच, "वतू नका! तापल्याली डिस्क वाकडी हुईल."

गार झाल्यावर जॅक लावला. उजवं चाक हातानं सहज फिरलं, डावं दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ब्रेक सोडला तरी ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासतच होते. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची बोटानं निघाली, वरची गंजून बसलेली. तिच्यावरचं रबर फाटलेलं आणि आत पावसाळ्यातला लाल चिखल वाळून घट्ट झालेला. मला दोन्ही पॅड तळहातावर ठेवून दाखवले. बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला बिस्किटाच्या पापुद्र्याएवढा. आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर लोखंडावर लोखंड घासलं असतं.

पिना आणि रबरं नवीन घातली. ग्रीसही ब्रेकचं वेगळं असतं म्हणे, साधं लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावल्यावर गाडी ओढते. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, तेही बदललं. पॅड 1,350, पिना-रबरं 280, ऑइल 220, मजुरी 500. एकूण 2,350 रुपये. जुने भाग पिशवीत घालून माझ्या हातात दिले, मी मागितले नसताना.

आता तक्रारी. "तासाभरात देतो" म्हणाले आणि साडेतीन तास लावले. मध्ये कुणाची तरी रिक्षा आली, तिला आधी हात घातला. बसायला एक प्लास्टिकचं स्टूल, त्याचा एक पाय वाकडा. बिल कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, त्यामुळं पुढं काही बिघडलं तर हातात पुरावा नाही. नवीन पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत थोडा वास येतो, हे सांगायचं तर विसरलेच. दुसऱ्या दिवशी बालिंग्याजवळ पुन्हा तोच वास आल्यावर माझ्या पोटात गोळा आला. फोन केला तर थंडपणे म्हणाले, "नवीन पॅड हायत बाई, दोन-तीन दिवस येणारच. चाक तापलंय का बघा." बघितलं, कोमट होतं. चौथ्या दिवशी वास गेला. याला आता तीन महिने झाले, एवरेज 17 च्या पुढं आहे आणि ट्रॉल्यांच्या मागं तोच जुना क्लच चालू आहे.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर गल्लीत गाडी वळवायला जागा मिळत नाही. सोमवारी बंद असतं. आणि सीटवर जुना टॉवेल टाकून न्या, माझ्या फिक्या सीट कव्हरवर काळ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.